तुलनेआधी यंत्र ओळखावे : जुन्या व्हिडिओ गेमवरील अंतराळयुद्धाचे खेळ निवडताना

अंतराळयुद्धाचा जुना गेम कोणता चांगला, असे वाचक विचारतात तेव्हा त्या एका प्रश्नात बहुधा तीन प्रश्न मिसळलेले असतात : घरातील यंत्र नेमके कोणते आहे, त्याला चालणारी कॅसेट आज रीतसर मिळते का, आणि मिळाली तरी ती आजच्या टीव्हीवर धड दिसेल का. वलगाव, अमरावती, अकोला या पट्ट्यात हा गोंधळ तीन वाटांनी येतो. कोणाच्या माळ्यावर १९९०च्या दशकातील यंत्र सापडते, कोणाचे अमेरिकेत राहिलेले नातेवाईक तिकडची अटारी सोबत आणतात, तर कोणाला ऑनलाइन दुकानात शेकडो खेळांचा दावा करणारा तळहाताएवढा डबा स्वस्तात दिसतो. या तिन्ही वस्तूंना बोलीत ‘व्हिडिओ गेम’ असेच म्हणतात आणि खाचेत बसवायच्या डबीला सर्रास ‘कॅसेट’ म्हणतात. प्रत्यक्षात ही यंत्रे वेगळी, त्यांच्या कॅसेटी वेगळ्या आणि त्यांवरील अंतराळयुद्धाचा अनुभवही वेगळा आहे. म्हणून खेळांची तुलना करण्याआधी वाचकांनी यंत्राची ओळख पटवून घ्यावी.

यंत्र कोणते ते कसे ओळखावे

अटारी २६०० हे यंत्र अमेरिकेत सप्टेंबर १९७७ मध्ये ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ या नावाने विक्रीला आले आणि १९९२च्या आरंभी त्याचे उत्पादन बंद झाले. भारतीय घरांत अधिक पोहोचले ते दुसरे यंत्र. निन्टेंडो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फॅमिकॉम’च्या रचनेवर बेतलेली ही यंत्रे मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी विकली गेली आणि त्यांना ‘आठ बिटचा गेम’ म्हटले जाऊ लागले. पुढील खुणा तपासल्यास संशय राहत नाही.

- अटारीच्या जॉयस्टिकला एक दांडी आणि गोळी झाडण्याचे एकच बटण असते. फॅमिकॉमवर बेतलेल्या यंत्राच्या रिमोटवर दिशांची फुली, ए आणि बी ही बटणे, आणि स्टार्ट व सिलेक्ट असतात.
- अटारीच्या कॅसेटला २४ संपर्कपट्ट्या, तर फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पट्ट्या असतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेंडो यंत्राच्या कॅसेटला ७२ पट्ट्या असून ती आपल्याकडील यंत्राच्या खाचेत बसत नाही.
- अटारीच्या यंत्रावर रंगीत आणि कृष्णधवल टीव्ही निवडण्याची एक कळ असते. ती निरुपयोगी वाटते, पण एका महत्त्वाच्या खेळात तिला वेगळेच काम आहे. ते पुढे येईल.
- दोन्ही प्रकारच्या यंत्रांत नऊ टाचण्यांचे जोडणीछिद्र आढळू शकते. आकार जुळतो म्हणून एकाची जॉयस्टिक दुसऱ्याला लावू नये, कारण आतील तारांची मांडणी वेगळी असते.

यंत्राच्या मर्यादेचा खेळाशी काय संबंध

येथे निर्णयाला लागेल तेवढेच तंत्र पुरेसे आहे. अटारी २६००ची कार्यस्मृती, म्हणजे खेळ चालू असताना तात्पुरती माहिती ठेवण्याची जागा, केवळ १२८ बाइट होती. या परिच्छेदातील अक्षरेसुद्धा तिच्यात मावणार नाहीत. चित्र काढणाऱ्या चिपला दोन खेळाडू, दोन गोळ्या आणि एक चेंडू अशा पाचच हलत्या वस्तू ठाऊक होत्या. त्यामुळे शत्रूंची रांग दाखवायची तर त्याच वस्तू टीव्हीवरील रेघ पुढे सरकत असताना पुन्हा पुन्हा वापराव्या लागत, किंवा एका क्षणी एक आणि पुढच्या क्षणी दुसरी वस्तू दाखवून डोळ्याला फसवावे लागे. या दुसऱ्या युक्तीमुळे चित्र लुकलुकते.

फॅमिकॉमची कार्यस्मृती २ किलोबाइट होती आणि तो एका वेळी ६४ हलत्या वस्तू दाखवू शके. मात्र एका आडव्या रेघेवर आठांपेक्षा अधिक वस्तू आल्या की जास्तीच्या वस्तू नाहीशा होत, म्हणून गर्दीत त्याचेही चित्र लुकलुकते. यावरून फॅमिकॉमचे खेळ सरसकट सरस ठरवण्याचा मोह होतो आणि दिसण्यापुरते ते खरेही आहे. अंतराळयुद्धाच्या बाबतीत मात्र नकाशा, इंधन, तळांचे रक्षण असा डावपेचांचा भाग अटारीवरच्या काही खेळांत अधिक दाट आहे, आणि तुलनेत नेमकी हीच बाजू सुटते.

तीन घराणी

अंतराळयुद्धाचे सगळे खेळ एकाच मापाने मोजले की निवड चुकते. सोयीसाठी त्यांची तीन घराणी मानावीत.

पहिले घराणे : तळाशी तोफ, वर शत्रूंची फौज. तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये घडवलेला स्पेस इन्व्हेडर्स हा या घराण्याचा मूळ पुरुष. अटारी २६००वर तो १९८० मध्ये आला. नाणे टाकून खेळायच्या मूळ यंत्रात शत्रूंची संख्या ५५ होती, घरच्या आवृत्तीत ती ३६ वर आली; त्या बदल्यात एकाच कॅसेटमध्ये खेळाचे ११२ प्रकार दिले गेले, ज्यांत हलणारे आडोसे, नागमोडी गोळ्या, अदृश्य शत्रू आणि दोघांनी एकाच वेळी खेळायचे प्रकारही आहेत. मुलाला आणि आजोबांना एकत्र बसवायचे असेल तर अटारीवर याहून सोपी कॅसेट शोधण्याची गरज नाही. ज्यांना वेग आणि रंग अधिक हवा, त्यांनी इमॅजिक कंपनीचा १९८२चा डेमन अटॅक पाहावा. फिनिक्स या खेळाशी असलेल्या साम्यावरून अटारीने या खेळाबद्दल इमॅजिकवर दावा लावला होता आणि तो न्यायालयाबाहेर मिटला, ही त्याच्या दर्जाची उलट्या बाजूने मिळालेली पावतीच म्हणावी लागेल.

फॅमिकॉमकडे या घराण्यात नामको कंपनीचे दोन खेळ येतात : गॅलॅक्सियन आणि गॅलागा. भारतात विकल्या गेलेल्या अनेक खेळ एकत्र असलेल्या कॅसेटींत गॅलॅक्सियन जवळजवळ ठरलेलाच असतो, त्यामुळे पुष्कळांची समजूत अशी होते की विमानाचा गेम म्हणजे एवढाच. त्यात एका वेळी आपली एकच गोळी पडद्यावर असते, म्हणून नेम चुकला की ती वरच्या कडेपर्यंत जाईतो थांबावे लागते. खेळाचा सारा ताण या थांबण्यात आहे. गॅलागात एक सुंदर जुगार आहे. शत्रू आपले यान किरणांच्या झोतात ओढून नेतो आणि ते परत सोडवता आले तर दोन याने जोडीने लढतात. मात्र त्यासाठी हातातील एक जीव आधी मुद्दाम गमवावा लागतो. दोहोंतून एक निवडायचा असेल तर गॅलागा निवडावा.

दुसरे घराणे : सरकती पार्श्वभूमी आणि मोकळी उड्डाणे. येथे अटारीची मर्यादा सर्वाधिक जाणवते. १९८१चा अ‍ॅस्टेरॉइड्स उत्तम जमला आहे. अटारीने त्यासाठी प्रथमच ८ किलोबाइटची कॅसेट वापरली आणि उल्कांना मूळ खेळात नसलेले रंग दिले. डिफेंडरची १९८२ची आवृत्ती मात्र सांभाळून घ्यावी. तिच्यात गोळी झाडताना आपले यान क्षणभर दिसेनासे होते. सारे शत्रू एकदम नष्ट करणारा बॉम्ब टाकायचा तर यान शहराच्या रेघेखाली नेऊन बटण दाबावे लागते, कारण जॉयस्टिकवर दुसरे बटणच नाही. ज्यांनी मूळ यंत्र पाहिलेले नाही त्यांना हे खटकणार नाही, पण कॅसेट बिघडली आहे अशी शंका नक्की येईल. ती बिघडलेली नसते. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी घडवलेला यार्स रिव्हेंज हा खेळ मुळात घरच्या यंत्रासाठीच रचला असल्याने त्याला अशा तडजोडी कराव्या लागल्या नाहीत. ढालीचा तुकडा कुरतडायचा, तोफ मिळवायची, ती डागून स्वतः तिच्या वाटेतून बाजूला व्हायचे, असा त्याचा क्रम एकदा उमगला की तो सुटत नाही.

या घराण्यात फॅमिकॉमचे पारडे उघडपणे जड आहे. झेव्हियसमध्ये हवेतील शत्रूसाठी एक आणि जमिनीवरील शत्रूसाठी दुसरे शस्त्र असते. स्टार फोर्समध्ये बोटांचा वेग कसाला लागतो. मात्र आपल्याकडील रिमोटवर ए आणि बी यांच्या जोडीला टर्बो बटणे असतात आणि ती दाबून धरली की गोळ्या आपोआप सुटत राहतात, म्हणून दोन घरांतील गुणांची तुलना करताना टर्बो वापरले होते का हे आधी विचारावे. कोनामीचा ग्रेडियस १९८६ मध्ये फॅमिकॉमवर आला. त्यात शत्रूंकडून मिळालेल्या कुप्या साठवून वेग, क्षेपणास्त्र, लेसर, कवच यांपैकी काय घ्यायचे ते खेळाडू ठरवतो. एकदा मार खाल्ला की सगळी कमाई जाते, त्यामुळे हा खेळ लहान मुलांना रडवतो. भारतात कॉन्ट्रा या खेळातील तीस जीवांसाठी पाठ केली गेलेली वर-वर-खाली-खाली ही किल्ली मुळात याच ग्रेडियसच्या फॅमिकॉम आवृत्तीत प्रथम आली होती, हे त्या पिढीच्या वाचकांना सांगण्यासारखे आहे.

तिसरे घराणे : यानाच्या आत बसून. येथे पडदा म्हणजे यानाची काच, आणि आपण वैमानिक. डग न्यूबाउअर यांनी अटारीच्या घरगुती संगणकांसाठी लिहिलेला स्टार रेडर्स हा या घराण्याचा आदिग्रंथ. त्यात आकाशगंगेचा नकाशा, इंधनाचा हिशेब, संकटात सापडलेले तळ आणि बिघडणारी यंत्रसामग्री होती. अटारी २६००वर याचे तीन प्रमुख वारसदार मिळतात आणि गोंधळ याच तिघांबद्दल सर्वाधिक असतो, म्हणून त्यांची तुलना सविस्तर करणे योग्य ठरेल.

पहिला वारसदार म्हणजे स्टार रेडर्सचीच १९८२ची २६०० आवृत्ती. नाव तेच असल्याने बहुतेक जण आधी तीच शोधतात. ती बारा कळांच्या एका स्पर्शफलकासोबत विकली गेली होती आणि नकाशा, ढाल, वेगवान उड्डाण हे सारे त्या फलकावरून चालते. जुन्या मालात कॅसेट मिळते आणि फलक हरवलेला असतो. अशी सुटी कॅसेट कितीही स्वस्त मिळाली तरी ती अर्धवट वस्तू आहे. शिवाय संगणकावरील मूळ खेळाच्या तुलनेत तिचे चित्र बरेच ओबडधोबड आहे.

दुसरा वारसदार म्हणजे अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीसाठी अ‍ॅलन मिलर यांनी लिहिलेला स्टारमास्टर, तोही १९८२चाच. त्याने तीच कल्पना वेगळ्या फलकाशिवाय साधली : वर उल्लेखिलेली रंगीत-कृष्णधवल निवडण्याची कळ दाबली की नकाशा उघडतो. टीव्ही कुठलाही असो, त्या कळीला या खेळाने नवे काम दिले. शत्रूचा मार बसला की ढाल, लेसर, इंजिन किंवा रडार यांपैकी काहीतरी निकामी होते आणि तळावर पोहोचेपर्यंत तशाच अवस्थेत लढावे लागते. अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत, त्यामुळे दहा-बारा वर्षांचे मूलही पहिल्या पायरीवर तग धरते. वैगुण्य एकच : ती कळ नसलेल्या नकली यंत्रावर नकाशाच उघडत नाही आणि मग खेळाला अर्थ राहत नाही.

तिसरा म्हणजे १९८६चा सोलारिस, तोही न्यूबाउअर यांचाच. यंत्र जुने होऊन मागे पडले असताना आलेला हा खेळ १६ किलोबाइटचा आहे आणि चित्राच्या बाबतीत २६००ने गाठलेल्या उंचीचा तो नमुना मानला जातो. १६ विभाग आणि प्रत्येक विभागात ४८ चौकटी अशी त्याची आकाशगंगा असून हरवलेला सोलारिस ग्रह शोधणे हे उद्दिष्ट आहे. नकाशा उड्डाणाच्या वेळी आपोआप समोर येतो, म्हणून त्याला एका साध्या जॉयस्टिकखेरीज काहीही लागत नाही. पण तो घाईत कळत नाही. पुस्तिका न वाचता बसणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत इंधन का संपले हेसुद्धा उमगणार नाही. येथे हेही नोंदवावे की सोलारिसमध्ये यान मागून दिसते, काचेतून नव्हे. तरी त्याचा जीव याच घराण्यातला आहे.

याच काळातील फेझर पेट्रोल हा खेळ कॅसेट या शब्दाला खऱ्या अर्थाने जागणारा आहे. तो गाण्यांच्या टेपवर ध्वनीच्या रूपात साठवलेला असून सुपरचार्जर नावाच्या जोडयंत्राच्या साहाय्याने टेपरेकॉर्डरवरून यंत्रात भरावा लागे. हौशी संग्राहकाखेरीज इतरांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

फॅमिकॉमवर या घराण्याचा एकच ठळक प्रतिनिधी आहे : नामकोचा १९८५चा स्टार लस्टर. तळांचे रक्षण, नकाशा, इंधन असे स्टार रेडर्सचे सारे गुण त्यात आहेत. तो त्या काळी जपानबाहेर रीतसर विकला गेला नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याचे नावही फारसे कोणी ऐकलेले नसते. आठ बिटचे यंत्र घरात आहे आणि गॅलॅक्सियनचा कंटाळा आला आहे, अशा वाचकांनी हाच खेळ लक्षात ठेवावा.

कोणी काय निवडावे

- घरात चालू अवस्थेतील अटारी आहे आणि एकच अंतराळयुद्धाची कॅसेट घ्यायची आहे : स्टारमास्टर. पुस्तिका वाचण्याची तयारी असल्यास सोलारिस.
- दोघांना एकाच वेळी खेळायचे आहे : अटारीवर स्पेस इन्व्हेडर्स, फॅमिकॉमवर ट्विनबी.
- लहान मुले, कमी वेळ : गॅलागा.
- पूर्वीचा अनुभव नाही आणि यंत्रही नाही : जुने यंत्र घेण्याआधी खाली दिलेला रीतसर संग्रहांचा पर्याय पाहावा.

टीव्ही, वीज आणि अ‍ॅडाप्टर

खेळाला नावे ठेवण्याआधी टीव्हीकडे पाहावे. जुनी यंत्रे काचेच्या नळीच्या टीव्हीसाठी केलेली होती. सपाट टीव्ही त्यांचे चित्र वेगळ्या प्रकारचे समजून त्यावर प्रक्रिया करतो, आणि लुकलुकणाऱ्या वस्तू त्या प्रक्रियेत कधी फाटलेल्या दिसतात, कधी मुळीच दिसत नाहीत. प्रक्रियेला वेळ लागत असल्याने बटण दाबणे आणि गोळी सुटणे यांत अंतरही पडते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो चालू करावा. वापरण्याजोगा जुना टीव्ही घरात असेल तर तो भंगारवाल्याला देण्याची घाई करू नये.

भारतातील टीव्हीपद्धती पाल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांची. अमेरिका आणि जपानची एनटीएससी, म्हणजे साधारण ६० चित्रांची. यातून दोन गोष्टी घडतात. ६० चित्रांसाठी लिहिलेला खेळ ५० चित्रांच्या यंत्रावर सुमारे एक षष्ठांश मंद चालतो आणि त्याचे संगीतही रेंगाळते. गॅलागा आपल्याकडे सोपा वाटण्याचे एक कारण हे आहे. अमेरिकी अटारी कॅसेट पाल अटारीवर लावल्यास रंग बदलतात आणि काही वेळा चित्र गडगडत राहते. अमेरिकेतून आणलेले संपूर्ण यंत्र अँटेनाच्या तारेने भारतीय टीव्हीला जोडल्यास चित्र आले तरी आवाज बहुधा येत नाही, कारण आवाजाची वारंवारिता वेगळी असते. अशा यंत्राला जाणकाराकडून पिवळ्या-पांढऱ्या तारेची एव्ही जोडणी करून घेणे हा व्यवहार्य उपाय आहे.

विजेच्या बाबतीत मात्र चूक महागात पडते.

- अमेरिकेतील अ‍ॅडाप्टर १२० व्होल्टसाठी असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातल्यास जळतो आणि यंत्रालाही घेऊन जातो. अ‍ॅडाप्टरवरील ‘इनपुट’ ही ओळ वाचल्याशिवाय बटण दाबू नये.
- अटारी २६००ला ९ व्होल्ट डीसी, किमान ५०० मिलिअँपिअर लागतो आणि त्याच्या टोकाला धन ध्रुव असतो. फॅमिकॉमवर बेतलेल्या पुष्कळ यंत्रांत ध्रुव उलटे असतात. अ‍ॅडाप्टरवर आणि यंत्रावर छापलेले वर्तुळाचे चिन्ह जुळवूनच पाहावे.
- अटारीची पिन यंत्र चालू असताना ओढू किंवा खुपसू नये. तिची रचनाच अशी आहे की सरकताना क्षणभर शॉर्ट होऊ शकते.
- मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते तेव्हा पत्र्याच्या खोलीत स्वस्त अ‍ॅडाप्टर तासन् तास चालू ठेवू नये. दाब वरखाली होणाऱ्या गावठाणात स्टॅबिलायझर लावावा.
- कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नये, कारण तोंडातील ओलाव्याने पट्ट्या गंजतात. काळ्या मातीची बारीक धूळ कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी.

शेकडो खेळांचा डबा आणि कायदा

कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ छापलेले असले तरी आत मोजकेच खेळ असतात आणि तेच वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या पायरीपासून पुन्हा पुन्हा दिलेले असतात. आकडा पाहून तुलना करणे व्यर्थ आहे. हे बहुतेक संग्रह मूळ कंपन्यांच्या परवानगीशिवाय केलेले असतात. भारताच्या स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार संगणक प्रणाली ही साहित्यकृती धरली जाते आणि या खेळांवरील हक्क अजून संपलेले नाहीत. नकली प्रत आहे हे ठाऊक असूनही संगणक प्रणाली वापरणे हा कलम ६३ ब खाली गुन्हा आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसल्यास न्यायालय कैद न देता केवळ दंड करू शकते. दुसरीकडे, कलम ५२ अन्वये प्रणालीची रीतसर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून स्वतःपुरती जादा प्रत करता येते. स्वतःच्या कॅसेटची प्रत आणि संकेतस्थळावरून उतरवलेली परक्याची प्रत यांत कायदा असा फरक करतो.

रीतसर पर्याय आज उपलब्ध आहेत. अटारीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘अटारी ५०’ हा संग्रह संगणक आणि आधुनिक यंत्रांसाठी आणला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘अटारी २६००+’ हे नवे यंत्र आणले, जे जुन्या कॅसेटी वाचते आणि एचडीएमआय तारेने थेट सपाट टीव्हीला जोडता येते. गॅलॅक्सियन आणि झेव्हियस यांच्या फॅमिकॉम आवृत्त्या ‘नामको म्युझियम आर्काइव्ह्ज’च्या पहिल्या भागात, तर गॅलागा दुसऱ्या भागात आहे. स्टारमास्टर अ‍ॅक्टिव्हिजनचा असल्याने तो अटारीच्या संग्रहात शोधू नये. परदेशातून यंत्र मागवताना सीमाशुल्क वेगळे भरावे लागते. किंमत ठरवताना ते धरूनच हिशेब करावा.

विकत घेताना काय पाहावे, फसवणूक झाल्यास काय करावे

टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आणि त्यांचे अ‍ॅडाप्टर ही दोन्ही भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. खोक्यावर ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असावा. तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकून कोणत्या कंपनीचा आहे ते पाहता येते. त्याशिवाय करांसह कमाल किंमत, आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश आणि तक्रारीचा संपर्क हे तपशील खोक्यावर असणे बंधनकारक आहे. अमरावतीच्या बाजारात असो की ऑनलाइन, पक्के बिल मागावे. बिल नसेल तर पुढील हक्क बजावणे फार कठीण होते. जुने यंत्र घेताना ते विक्रेत्यासमोर टीव्हीला जोडून, कॅसेट घालून, दोन्ही रिमोटची सर्व बटणे दाबून पाहावे आणि ‘जसे आहे तसे’ असे बिलावर लिहिले आहे का ते वाचावे.

वस्तू सदोष निघाल्यास किंवा जाहिरातीतील दाव्याप्रमाणे नसल्यास पुढील क्रमाने जावे.

1. विक्रेत्याला आणि ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. खोके उघडतानाचे चित्रीकरण येथे उपयोगी पडते.
2. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथील प्रयत्न तडजोडीचा असतो, आदेशाचा नव्हे.
3. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे वलगावच्या ग्राहकाला दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध अमरावतीच्या आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.
4. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला असेल तर तो ग्राहक तक्रारीचा विषय राहत नाही. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते गोठवता येतात.

व्यापारी नसलेल्या व्यक्तीकडून, उदाहरणार्थ ओळखीच्या कुटुंबाकडून, जुने यंत्र घेतले असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. अशा व्यवहारात यंत्राचे नाव, कॅसेटींची यादी, स्टार रेडर्स असल्यास तिचा स्पर्शफलक, अ‍ॅडाप्टरचे व्होल्ट आणि दिलेली रक्कम एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी.